भाकरीची प्रार्थना : पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा परामर्श घेताना आपले टीकाकार बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : धर्मांतर का झाले? या प्रश्नाचे काही एक उत्तर दिले, म्हणजे लेखकाविषयीचे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत रूढ झालेली दिसते. धर्मांतरानंतर तो माणूस जगला कसा, महिनाअखेर त्याच्या डब्यात पीठ होते की नव्हते, आणि नसले तर त्याने देवाला काय म्हटले, हे कुणी फारसे विचारीत नाही. आमच्या मते वाङ्मयाच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न अधिक फलदायी आहे. पहिल्याची उत्तरे मतांच्या भाषेत मिळतात, आणि मते पुस्तकागणिक सारखीच असू शकतात. रिकाम्या डब्यापाशी उभा असलेला माणूस मात्र दुसऱ्यासारखा बोलत नाही.

या प्रश्नाला एक कडवट बाजूही आहे. 'पोटासाठी बाटला' हे दूषण मराठी समाजाने ख्रिस्ती माणसास दीडशे वर्षे ऐकविले. दुष्काळाच्या दिवसांत मिशनची भाकर आणि मिशनचा बाप्तिस्मा एकाच दारातून मिळत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे ख्रिस्ती लेखक जेव्हा पैशाच्या ओढग्रस्तीत केलेल्या प्रार्थनेविषयी लिहितो, तेव्हा तो नकळत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून लिहीत असतो. भाकर मागितली असे म्हणावे, तर आरोप सिद्ध होतो. मागितलीच नाही म्हणावे, तर प्रार्थना खोटी ठरते. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतच दिवसाच्या भाकरीची मागणी आहे. त्या भाकरीला लावलेले 'एपिऊसिओस' हे ग्रीक विशेषण इतके विरळा आहे की त्याचा अर्थ 'आजची', 'उद्याची' की 'निर्वाहापुरती', याविषयी विद्वानांचे अजून एकमत नाही. आणि भाकरीच्या लगेच पुढे मत्तयाच्या पाठात जो शब्द येतो तो पापाचा नाही, कर्जाचा आहे. मराठी भाषांतरकारांनी तेथे 'ऋण' हा शब्द योजून मूळचा सावकारी वास कायम ठेवला, ही त्यांची मोठीच रसिकता होय. भाकर आणि कर्ज या दोन गोष्टी ज्या प्रार्थनेच्या मध्यभागी आहेत, ती प्रार्थना करणाऱ्याने पैशाचे नाव काढू नये अशी अपेक्षा करणे विपरीत आहे.

देव भक्ताचे देणे फेडतो, ही कल्पना मराठी मनाला मिशनऱ्यांनी शिकविलेली नाही. महिपतीचा 'भक्तविजय' १७६२ सालचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी पेवे उघडून धान्य लुटविले, आणि बेदरच्या दरबारी विठ्ठलाने विठू महाराच्या वेशात जाऊन त्याची रक्कम भरली, ही कथा कोणाला ठाऊक नाही? त्या कथेतील आमचे आवडते स्थळ म्हणजे पावती. देव नुसती रक्कम भरून थांबत नाही. रीतसर पावती घेतो आणि ती दामाजीच्या पोथीत ठेवून जातो. कुळकर्ण्याच्या घरात जन्मलेल्या महिपतीलाच हे सुचावे! तोच महिपती तुकोबांच्या घरचेही सांगतो. आणि उसाची गोष्ट तर पोराबाळांच्या तोंडी आहे. मिळालेल्या मोळीतले ऊस तुकोबा वाटेत भेटेल त्याला देत आले, घरी एकच पोहोचला, आणि आवलीने तो त्यांच्या पाठीत घातला. परंतु आवलीची बाजू आवलीच्या तोंडून आपल्या वाङ्मयात आलेली नाही. संतचरित्रात ती कजाग म्हणून आली आणि कजाग म्हणूनच राहिली. हे येथे ध्यानी ठेवावे. त्याचा पुढे संबंध आहे.

एकोणिसाव्या शतकात या देशी कथापरंपरेला शेजारी म्हणून एक परदेशी कथाप्रकार आला. त्याला 'साक्ष' म्हणतात. या प्रकाराचा आद्य नमुना ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) याचा. प्रशियात जन्मलेल्या या गृहस्थाने १८३६ साली ब्रिस्टलमध्ये अनाथगृह काढले. पुढे ॲशले डाउन या टेकडीवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि तेथे एका वेळी दोन हजारांवर मुले राहू लागली. त्याचा नेम असा की, कोणाही माणसाजवळ पैसे मागावयाचे नाहीत, कर्ज काढावयाचे नाही, गरज सांगावयाची ती फक्त देवाला. रिकाम्या टेबलाशी मुलांना बसवून त्याने उपकारस्तुती केली आणि तेवढ्यात पाववाला दाराशी आला, ही त्याच्या नावावरची गोष्ट व्यासपीठांवरून शेकडो वेळा सांगितली गेली आहे. त्याचे स्वतःचे वृत्तांत मात्र याहून पुष्कळ रूक्ष आहेत : तारीख, हाती शिल्लक, आलेली रक्कम, पुन्हा तारीख. येथे चिकित्सक वाचकाच्या मनात एक शंका येते. जो मनुष्य कोणाजवळ मागत नाही, पण कोणाजवळ न मागितल्याचा वृत्तांत दरसाल छापून वाटतो, त्याने खरोखरीच मागितले नाही काय? ही शंका म्युलरलाही सुचली असावी. १८४१ च्या अखेरीस हात अगदी आखडलेला असताना त्याने वार्षिक सभा आणि वृत्तांत मुद्दाम पुढे ढकलले. आपली अडचण लोकांना कळून मदत येऊ नये म्हणून. तो प्रामाणिक होता, यात आम्हांस संशय नाही. पण प्रामाणिकपणाने या कथाप्रकारातील दोष नाहीसा होत नाही. गरज, प्रार्थना आणि प्राप्ती अशी तीन पावलांची ही चाल आहे. तिसरे पाऊल पडल्यावाचून साक्ष लिहिलीच जात नाही. ज्याला मिळाले नाही त्याची साक्ष छापली जाण्याचा संभव नाही.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हा कथाप्रकार उचलला, आणि कोणाकडून उचलला तेही मोकळेपणाने सांगितले. म्युलर, चीन इनलँड मिशनचा हडसन टेलर आणि दक्षिण समुद्रातील बेटांवरचा जॉन पेटन यांची चरित्रे वाचून, आपल्या देशातही अशा विश्वासावर काम चालेल काय, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. व्यवहाराची पार्श्वभूमीही तशीच होती. १८८९ साली मुंबईत चौपाटीवर निघालेल्या आणि पुढल्याच वर्षी पुण्यास नेलेल्या शारदासदनाला अमेरिकेतील मंडळींनी दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. पुढे काय? रमाबाईंनी केडगावास जमीन घेतली आणि फळझाडे लावली, हेतू हा की बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी. ही बाब प्रार्थनेच्या कैफात विसरली जाते म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. ज्या बाईने देवावर सारा भार टाकला, तिने आधी विहिरी खणल्या होत्या आणि झाडे लावली होती. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी विधवा व मुली घेऊन आल्या. त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. १९०० च्या दुष्काळानंतर तर मुक्तिसदन दीड हजारांच्या घरात पोहोचले. शिल्लक नाही, वचन देणारा नाही, आणि दररोज दीड हजार ताटे! १९०७ सालच्या आपल्या 'साक्षी'त त्या हे सारे ज्या शांतपणे सांगतात, तो शांतपणा हीच त्या लेखनाची शैली होय.

आणि तरीही, या 'साक्षी'पेक्षा रमाबाईंचे दहा वर्षे आधीचे एक लहानसे लेखन आम्हांस वाङ्मय म्हणून श्रेष्ठ वाटते. ते म्हणजे १८९७ मधील दुष्काळाच्या अनुभवांचे निवेदन. मध्यप्रांतातील भुकेली माणसे पाहून त्यांना वीस वर्षांपूर्वीचे आपले घर आठवले. अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृत विद्येचे महापंडित; पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे कुटुंब. दुष्काळ पडला तशी पुराणाची दक्षिणा आटली. होते नव्हते ते देवकार्यात आणि ब्राह्मणांना दाने देण्यात गेले; दागिने, भांडी गेली; भीक मागणे वर्ज्य, मजुरी ठाऊक नाही. शेवटी जंगलात पानांवर आणि पाण्यावर दिवस काढण्याची पाळी आली. आंधळ्या झालेल्या पित्याने जलसमाधीचा निश्चय केला, आणि मुलाने 'मी मजुरी करीन' असे म्हणून त्याला परतविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पिता गेला. त्याच्यामागून आई गेली, थोरली बहीण गेली.

या निवेदनात प्रार्थना आहे, अनुष्ठान आहे, निष्ठा तर शिगोशीग आहे. केवळ उत्तर नाही. रमाबाई त्यातून जो निष्कर्ष काढतात तो असा की ज्यांची आराधना केली ते देव खरे नव्हते. तो निष्कर्ष त्यांच्या श्रद्धेचा आहे आणि त्याचा आदर करून आम्ही तो बाजूला ठेवतो. वाचकाच्या मनावर ठसतो तो त्या कुटुंबाचा आपल्या नेमाला धरून राहण्याचा हट्ट, आणि त्या हट्टाची किंमत. पुढे केडगावी त्याच बाईने पुन्हा एकदा सर्वस्व प्रार्थनेवर टाकले. म्हणजे पित्याचा स्वभाव लेकीत उतरलाच होता! फरक इतकाच की लेकीने मुलींना विणकाम, शेतकाम, छापखान्याचे काम शिकविले. हातांना काम ठाऊक नसल्यामुळे काय होते, हे तिने पाहिले होते. 'साक्ष' वाचताना ही भूक पाठीमागे उभी आहे याची जाणीव ठेवली, तर त्यातील शांतपणाचा अर्थ कळतो. एरवी ते लेखन संस्थेच्या वृत्तांतासारखे वाटण्याचा संभव आहे. याला आणखी एक कारण आहे. या दोन्ही गोष्टी रमाबाईंनी इंग्रजीत लिहिल्या. ज्यांनी मदत केली, ज्यांनी प्रार्थना केली, ते वाचक समुद्रापलीकडे होते. १८८९ साली अमेरिकेचे प्रवासवृत्त लिहिताना जी खेळकर, चौकस, क्वचित खोचक मराठी लेखणी त्यांच्या हाती होती, तिने मुक्तिसदनाच्या ताटांची कथा सांगितली असती तर? पण ही हळहळ आता निरर्थक आहे. मराठी लेखणी त्यांनी बायबलच्या भाषांतराला वाहिली, आणि ते समग्र छापलेले पाहण्यास त्या राहिल्या नाहीत.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे वळू. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुढे दोनतीन वर्षांत चार भागांनी पुस्तकरूपाने आली. तोपर्यंत नारायण वामन टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती, आणि लिहिणारी बाई पासष्टीच्या पुढे होती. हे अंतर महत्त्वाचे आहे. रमाबाईंना उद्याची ताटे वाढावयाची होती. लक्ष्मीबाईंची ताटे वाढून, उष्टी काढून झाली होती. त्यांना कोणाकडून काही मिळवावयाचे नव्हते, देवाकडूनही नाही.

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहून नगरास त्यांच्याकडे परतल्या, आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. मिशनची नोकरी होती, म्हणजे पगार होता. पण घरात आलेला पैसा आणि घरात राहिलेला पैसा यांत टिळकांच्या संसारात नेहमीच तफावत असे. वाटेत कोणी गरजू भेटला की पगाराला पाय फुटत. पाहुणे, कवी, विद्यार्थी, परकी पोरे यांना घराचे दार कधी बंद नव्हते. बालकवी ठोंबरे याच घरात वावरले. टिळकांची श्रद्धा अशी की उद्याची चिंता करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे. आता, उद्याची चिंता करू नये ही आज्ञा सुंदर आहे. परंतु ज्या घरात एकाने ती अक्षरशः पाळली, त्या घरात दुसऱ्याला दोघांची चिंता करावी लागते, हे पर्वतावरील प्रवचनाच्या भाष्यकारांनी कोठे लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ते लक्ष्मीबाईंनी लिहिले.

त्यांची रीत पाहावी. नवऱ्याचा उल्लेख त्या सरळ 'टिळक' असा करतात. त्या काळच्या रीतीला हे सोडूनच होते. पण निवेदनात त्यामुळे केवढी मोकळीक आली! 'हे' म्हटले असते तर ती पत्नी राहिली असती. 'टिळक' म्हटल्यामुळे ती साक्षीदार झाली. तिला त्यांचे औदार्य दिसते, त्यांचा संताप दिसतो, संतापानंतरचा पश्चात्ताप दिसतो, आणि या साऱ्यामागे रिकामा होत जाणारा डबा दिसतो. तक्रारीचा सूर कोठे लागला आहे असे वाटते न वाटते तोच वाक्याच्या शेवटी हसू येते. पण ते हसू तक्रार पुसून टाकीत नाही. आमच्या वर्गात हे उतारे शिकविताना मुले पोट धरून हसतात. एकदा हसणे ओसरल्यावर मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "पण सर, त्या दिवशी मग त्यांनी खाल्ले काय?" आम्हांस उत्तर देता आले नाही. टीका म्हणून त्या प्रश्नाहून चांगले असे काही आम्ही या ग्रंथावर लिहू शकू, असे वाटत नाही.

म्युलरच्या साक्षीत सारा जोर तिसऱ्या पावलावर आहे. लक्ष्मीबाईंचे लक्ष पहिल्या आणि तिसऱ्या पावलांच्या मधल्या वेळाकडे आहे. गरज निर्माण झाली आणि मदत अजून आली नाही, त्या वेळात माणसे कशी वागतात? कोण रुसते, कोण भजन म्हणते, कोण शेजारणीकडे जाते? त्या वेळात प्रार्थना काही वेगळी काढून दाखविता येत नाही. ती बोलण्यात, भांडणात, चूल पेटविण्यात मिसळलेली असते. देवाने दिले असे त्या म्हणतात तेव्हा ते कोणाच्या हातून आले हेही बहुधा सांगतात, आणि त्या माणसाचे चित्र दोन ओळींत उभे करतात. महिपतीच्या विठू महाराप्रमाणे येथेही देव वेश घेऊनच येतो. पण वेशाखाली देव होता हे सिद्ध करण्याची लक्ष्मीबाईंना घाई नाही. या दृष्टीने ताहाराबादचा महिपती त्यांना ब्रिस्टलच्या म्युलरपेक्षा जवळचा आहे. ताहाराबाद राहुरीच्याच भागातले, आणि त्याच राहुरीत टिळकांचे बिऱ्हाड काही काळ होते. ही जवळीक केवळ भूगोलाची असेल, तरी आम्हांस ती गोड वाटते.

टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून. हे वचन मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या चर्चेत नेहमी उद्धृत होते आणि त्याचा अर्थ भक्तिमार्गाच्या साधर्म्यापुरता लावला जातो. आम्ही तो जरा पुढे नेऊ. टिळक तुकोबांच्या पुलावरून आले असतील, तर त्या पुलावरून आवलीही आली. वाटेत ऊस वाटणारा नवरा, घरी वाट पाहणारी बायको, देवावर रुसण्याचा अधिकार, आणि शेवटी त्याच देवाशी असलेले न तुटणारे नाते, हे सारे तेच आहे. भेद एवढाच की या आवलीला तिच्या नवऱ्यानेच लिहावाचावयास शिकविले होते. जे संतचरित्रात तीनशे वर्षे अबोल राहिले, ते 'स्मृतिचित्रां'त बोलू लागले.

या तुलनेची खरी कसोटी १९१७ साली लागते. त्या वर्षी टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांचे एक बंधुमंडळ व्हावे, आणि परदेशी पैशाचे ओझे ख्रिस्ताच्या भारतीय रूपावरून उतरावे, असा त्यांचा मानस होता. विचार म्हणून हा फार मोठा होता. आज शंभर वर्षांनंतरही भारतीय ख्रिस्ती समाजाला तो पुरता पचलेला नाही. 'पोटासाठी बाटला' या दूषणाला एका कवीने दिलेले ते उत्तर होते : हा पाहा पगार, मी तो सोडला. परंतु संन्यास एकट्याचा असतो आणि पगार घराचा असतो. चरित्रकार या घटनेकडे टिळकांच्या बाजूने पाहतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. 'स्मृतिचित्रां'चा वाचक तसे करू शकत नाही. त्या घरातील इतकी वर्षे त्याने चुलीच्या बाजूने पाहिलेली असतात. अवघ्या दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक वारले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी आम्हांस प्रिय म्हणून रमाबाईंची गंभीर साक्ष आम्ही कमी लेखतो, असे कोणी म्हणेल. दीड हजार मुलींच्या भाकरीचा भार ज्या बाईवर आहे तिला हसण्याला सवड कोठून असणार? हे आम्हांस मान्य आहे. किंबहुना माणूस म्हणून दोघींत थोर कोण, असे कोणी विचारले तर आमची जीभ अडखळेल, आणि कदाचित केडगावकडेच वळेल. प्रश्न लेखनाचा आहे. ज्या लेखनात उत्तर मिळालेली प्रार्थनाच तेवढी येते, ते लेखन श्रद्धावंताला बळ देते. इतरांना ते दाराबाहेर उभे करते. न मिळालेल्या उत्तरांसह लिहिलेले लेखन कोणालाही आत घेते. रमाबाईंपाशी दोन्ही होते. त्यांनी ते दोन वेगळ्या पुस्तिकांत ठेवले.

आणखी एक न्यून दोघींच्याही लेखनात आहे, आणि तो त्यांचा दोष नव्हे. रमाबाई आणि टिळक दांपत्य ही पंडितांच्या आणि ब्राह्मणांच्या घरांतून आलेली माणसे. धर्मांतराने त्यांनी गमावले फार. त्यांच्या दैन्यात स्वीकाराचा भाग होता. पगार सोडता येण्यासाठी आधी तो असावा लागतो. नगर जिल्ह्यात आणि अन्यत्र जे सहस्रावधी लोक ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार आणि मांग होते, आणि त्यांचे दैन्य कोणी निवडलेले नव्हते. केडगावच्या ताटावर बसलेल्या मुलींनी त्या ताटापूर्वी कोणती प्रार्थना केली होती? टिळकांच्या पगारातले रुपये वाटेत ज्याच्या हाती पडले, त्याने त्या संध्याकाळी देवाला काय म्हटले? देणाऱ्यांची आत्मचरित्रे आपल्याजवळ आहेत. घेणाऱ्यांची जवळजवळ नाहीत. दूषण मात्र सारे त्यांच्याच वाट्याला आले.

ही उणीव आता ग्रंथांतून भरून निघण्याजोगी नाही. पण ती सर्वस्वी भरून न येण्याजोगी आहे असेही नाही. आपल्या सीमाभागात मराठीत उपासना करणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. ज्यांच्या 'यमुनापर्यटना'ने १८५७ मध्ये मराठी कादंबरीचा आरंभ केला ते बाबा पदमनजी बेळगावचे. या कुटुंबांतून आजीने नातीला शिकविलेल्या प्रार्थना आहेत, सणासुदीची भजने आहेत, दुष्काळाच्या, गिरणी बंद पडल्याच्या, कर्जात गेलेल्या शेताच्या आठवणी आहेत. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या घरी, शाळेचे अनुदान अडून चारचार महिने पगार होत नसत त्या काळात, रात्रीच्या जेवणापूर्वी त्याची आई जी प्रार्थना म्हणे तिच्यात वाण्याचे नाव येत असे. त्याने आणखी महिनाभर थांबावे अशी ती विनंती असे. ती आम्ही तेव्हा लिहून घेतली नाही. सभासदांपैकी ज्यांच्या शेजारात, शाळेत वा ओळखीत अशी घरे असतील, त्यांनी वही घेऊन एकदा जावे, आणि जे ऐकतील ते बोलीसह, जसेच्या तसे उतरवून या नियतकालिकाकडे पाठवावे.